जुना लॅपटॉप बंद पडला, निघालं काय? तुमचे अनुभव लिहा

जुना लॅपटॉप दुकानात नेला की पहिलं वाक्य ठरलेलं, "मदरबोर्ड (आतला मुख्य सर्किट बोर्ड) गेलाय, आता नवीनच घ्या की." कोल्हापुरातल्या आणि आसपासच्या मंडळींनी लिहा, स्क्रीनचा नाहीतर पॉवरचा काय त्रास झाला आणि शेवटी दुखणं कुठलं निघालं. खर्च लिहिला तरी चालतंय.

राजारामपुरी
माझा २००८ चा. स्क्रीन काळी, पण विंडोज चालू झाल्याचा आवाज येतोय. भावानं खोलीत अंधार करून मोबाईलची टॉर्च स्क्रीनवर तिरकी मारली तर आयकॉन पुसट दिसायला लागले, म्हणजे चित्र येतंय, मागचा उजेड तेवढा गेलाय. त्या काळच्या स्क्रीनमागं बारीक ट्यूब असायची आणि तिला जादा व्होल्टेज द्यायला इन्व्हर्टरची लहानशी पट्टी. पट्टी बदलली, काम झालं. एलईडी स्क्रीनला ही पट्टी नसते बरं का, तिचा इन्व्हर्टर गेला असं कोण म्हणालं तर सरळ दुसरं दुकान बघा.

शिवाजी उद्यमनगर
आमच्या वर्कशॉपातला लॅपटॉप, बॅटरी कधीच मेलेली, चार्जरवरच चालायचा आणि वायरला जरा धक्का लागला की खटकन बंद. सगळे म्हणायचे लाईट कमी-जास्त होतीया म्हणून. मला ते पटेना, कारण अॅडॉप्टरवर इनपुट १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय की. मीटर लावला, पिनेवर १९ व्होल्ट बरोबर. पण नुसतं मोजून उपयोग नाही, लोड आल्यावर व्होल्टेज पडणारे अॅडॉप्टर पण असतात, म्हणून शेजारच्या दुकानातला तसलाच ९० वॅटचा आणून लावला, तरी तेच. मग जॅक, म्हणजे चार्जरची पिन घुसते ते भोक, हलवून बघितला तर आत डुगडुगतोय. काही मॉडेलात जॅक वेगळ्या वायरवर येतो, ते सोपं. आमचा बोर्डावर सोल्डर केलेला, टाके सुटलेले. पाचशेच्या आत भागलं आणि दुकानदार तर बोर्डाचं कोटेशन देऊन बसलेला!
अजून एक, काही कंपन्यांच्या चार्जरला मधी बारीक पिन असते, ती मोडली की लॅपटॉप चालतो पण चार्जर ओळखत नाही, बॅटरी चार्ज होत नाही आणि मशीन मुंगीगत चालतंय.

कसबा बावडा
काहीच चालू होत नसेल तर आधी चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर ती पण, आणि पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा. मग नुसत्या चार्जरवर चालू करा. आमचा यातच उठला.

शाहूपुरी, कुंभार गल्ली
२०१९ च्या पुरात लॅपटॉप माळ्यावर होता, पाणी लागलं नाही, पण परत आलो तर घरभर ओल. लाईट लागते, फॅन फिरतो, स्क्रीन काळी. टीव्हीला एचडीएमआय लावून बघितलं, तिथं पण काय नाही, म्हणजे स्क्रीनचा दोष नव्हे. रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, काढून तिची सोनेरी टोकं खोडरबरानं पुसली, परत बसवली, चालू!

उद्यमनगर, परत
खोडरबर नको भावा, मुलामा घासून जातोय. आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा.

शाहूपुरी
पुराच्या चिखलात ते कुठं शोधू? घरात पोरीचा कंपास होता.

गडहिंग्लज
टचपॅड वर उचललेला दिसला तर धूळ समजून दाबू नका, खालची बॅटरी फुगलेली असते. चार्जिंग लगेच बंद करा. टोचायची नाही, घंटागाडीतही टाकायची नाही, आग लागते. ई-कचरा घेणाऱ्याकडंच द्या.

फुलेवाडी
माझ्या स्क्रीनवर कंपनीचा लोगो येतोय, नंतर काळं. झाकण थोडं मिटलं-उघडलं तरी फरक नाही.

राजारामपुरी
बिजागरीवर फरक पडत नाही म्हणजे तिथून स्क्रीनला जाणारी केबल बहुतेक ठीक आहे. लोगो येतोय म्हणजे स्क्रीन पण जिवंत हाय. विंडोज १० असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा, डिस्प्ले ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीनवर चित्र आणणारं सॉफ्टवेअर, परत चालू होतो.

फुलेवाडी
टुक् करून वाजलं आणि आली की ओ! पण रिस्टार्ट केल्यावर परत काळं.

राजारामपुरी
मग ड्रायव्हरच. सेफ मोडमध्ये (विंडोज गरजेपुरत्याच गोष्टींवर चालू होतं तो मोड) जाऊन तो काढा आणि लॅपटॉपच्या कंपनीच्या साईटवरचा जुना टाका. दुकानात जाऊ नका एवढ्यात.