विंडोजवर इनुक्तितुतच्या सिलॅबिक लिपीत टंकलेखन कसे करावे?

प्रश्न:
नमस्कार. कॅनडातील नुनावुत या प्रदेशाच्या राजधानीत, इकालुइत येथे, मी एका कार्यालयात नुकतीच रुजू झाले आहे. आमची सूचनापत्रके इनुइत लोकांच्या इनुक्तितुत भाषेतही, तिच्या सिलॅबिक (एका चिन्हात व्यंजन आणि स्वर दोन्ही दाखवणाऱ्या) लिपीत निघतात. मजकूर भाषांतरकार देतात, परंतु ऐनवेळी एखादे नाव बदलायचे झाले की माझे काम अडते. सहकाऱ्याने दिलेला जुना फॉन्ट बसवल्यावर मजकूर मला व्यवस्थित दिसला. तोच ईमेलने पाठवला, तेव्हा ‘इनुइत’ या शब्दाच्या जागी समोरच्याला ‘डब्ल्यू, के, डब्ल्यू, ५’ असे दिसले. काय चुकले असावे?

उत्तर १:
तो फॉन्ट युनिकोडपूर्व पद्धतीचा आहे (युनिकोड म्हणजे जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी सामायिक पद्धत). शिवाजी फॉन्टमधला मराठी मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर जसा अगम्य होत असे, तसेच येथे झाले आहे: फाइलमध्ये साठतात ती रोमन अक्षरेच, फॉन्ट त्यांना फक्त वेगळे रूप देतो. ही लिपी १९९९ साली युनिकोडमध्ये आली, त्यामुळे आता या फॉन्टची गरज उरलेली नाही. सेटिंग्जमधील भाषांच्या यादीत इनुक्तितुत जोडावी. तेथे लॅटिन आणि सिलॅबिक्स असे दोन पर्याय दिसतील, त्यांपैकी सिलॅबिक्स निवडून ‘नक्कित्ताउत’ हा कळफलक घ्यावा. विंडोज आणि स्पेस या कळा एकत्र दाबल्या की कळफलक बदलतो. ही लिपी दाखवणारा गाडुगी हा फॉन्ट विंडोजमध्ये असतोच.

उत्तर २:
एक गोष्ट जपावी. या लिपीत व्यंजनाचे चिन्ह फिरवले की स्वर बदलतो: ‘पि’चे टोक वर, ‘पु’चे उजवीकडे, ‘प’चे डावीकडे. (१८४०च्या सुमारास कॅनडातील क्री या मूलनिवासी भाषेसाठी मूळ लिपी रचणारे मिशनरी जेम्स इव्हान्स यांच्यावर देवनागरीचाही प्रभाव होता, असे अनेक अभ्यासक मानतात.) दीर्घ स्वरासाठी वर टिंब येते, मात्र युनिकोडमध्ये ‘पी’ हे टिंबासह एकच स्वतंत्र अक्षर आहे, म्हणून टिंब वेगळे जोडू नये. ते गळले तर शब्दाचा अर्थ बदलू शकतो, आणि कोणाच्या नावात अशी चूक होणे फार वाईट.

प्रश्नकर्ती:
मनःपूर्वक आभार. कळफलक सुरू झाला आणि ईमेलही नीट पोहोचला. जुन्या फायलींचा केवळ फॉन्ट बदलला तर चालेल का?

उत्तर १:
नाही, त्याने रोमन अक्षरेच उघडी पडतील. मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावा लागेल. मूळ प्रत जपून ठेवा, आणि छपाईपूर्वी नवी प्रत आपल्या भाषांतरकारांकडून वाचून घ्या.