लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक करता? आकडे आणि खबरदारी इथे लिहा

लॅपटॉपचं कार्ड ओव्हरक्लॉक करावं का, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जोरात चालवावं का, आणि कितपत, हे नव्याने खेळू लागलेला प्रत्येक जण विचारतो. ज्यांचा यात हात बसलाय त्यांनी कार्ड कोणतं, आकडे किती, चाचणी कशी घ्यायची आणि गाडी कुठे अडते ते सविस्तर लिहावं. "करून बघ, काही होत नाही" एवढ्याने कुणाचं भागत नाही.

वॅटमीटर
कार्डाच्या क्लॉकला, म्हणजे वेगाला, हात लावायच्या आधी वॅट बघा. आरटीएक्स ३०६० लॅपटॉप हे एकच नाव, पण कुठे ते ६० वॅटवर चालतं तर कुठे ११५ वर. कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेड या सॉफ्टवेअरच्या सेन्सर पानावर 'परफकॅप रीझन' असतं. खेळ चालू असताना तिथे 'पीडब्ल्यूआर' दिसलं तर कार्ड विजेला अडलंय, 'टीएचआरएम' दिसलं तर उष्णतेला. डेस्कटॉपसारखी पॉवर लिमिटची पट्टी बहुतेक लॅपटॉपांवर बंदच असते, त्यामुळे मिळतात तेवढ्याच वॅटमध्ये जास्त काम काढायचं आहे.

लॅपटॉपसोबत आलेलाच अडॅप्टर वापरा आणि कंपनीच्या सॉफ्टवेअरमधला परफॉर्मन्स मोड लावा. चार्जिंग चालू असूनही खेळताना बॅटरी उतरत असेल तर अडॅप्टर आधीच कमी पडतोय. तिथे ओव्हरक्लॉकचा विषय काढू नका.

कर्व्हकरी
लॅपटॉपवरचं खरं सुरक्षित ओव्हरक्लॉकिंग म्हणजे अंडरव्होल्टिंग. तोच वेग कमी व्होल्टेजवर मिळाला की वॅट वाचतात, आणि वाचलेल्या वॅटमध्ये कार्ड वरचा वेग टिकवून धरतं. व्होल्टेज वाढवायचा प्रश्नच येत नाही, म्हणून चिपला धोका नाही. फार तर गेम बंद पडेल.

आरटीएक्स ३०६० लॅपटॉपसाठी सुरुवात अशी करा. कार्डाचे आकडे बदलायचं सॉफ्टवेअर, एमएसआय आफ्टरबर्नर, अधिकृत ठिकाणाहूनच घ्या, नकली प्रती पसरलेल्या आहेत. कार्ड थंड असताना कोअर क्लॉक (चिपचा वेग) −२०० करून लागू करा, म्हणजे कोणत्या व्होल्टेजला किती वेग हे दाखवणारी सगळी रेष खाली बसते. मग कंट्रोल-एफ दाबून ती रेष, म्हणजे कर्व्ह, उघडा, ०.८५० व्होल्टचा ठिपका १८०० मेगाहर्ट्झवर ओढा आणि लागू करा. उजवीकडची रेष सपाट झाली पाहिजे. एखादा ठिपका वर राहिला तर कार्ड त्या जास्त व्होल्टेजकडे जाईल आणि सगळा खटाटोप वाया. लागू केल्यावर रेष पुन्हा तपासा, कारण कार्ड गरम झालं की वेग १५ मेगाहर्ट्झच्या पायरीने खाली सरकतो आणि गरम असताना ओढलेला ठिपका थंड झाल्यावर वर गेलेला दिसतो.

तासभर टिकलं तर त्याच व्होल्टेजवर १५ मेगाहर्ट्झ वाढवा. प्रत्येक चिप वेगळी असते, दुसऱ्याचा आकडा जसाच्या तसा उचलू नका. अडखळलं की दोन पायऱ्या खाली या. एकच पायरी उतरून थांबलात तर पुढच्या ड्रायव्हर अपडेटला किंवा नव्या गेमला तोच त्रास परत.

चौदा-जीबीपीएस
मेमरीबद्दल. ३०६० लॅपटॉपची जीडीडीआर६ मेमरी १४ जीबीपीएसची, आफ्टरबर्नरमध्ये ती ७००० च्या आसपास दिसते. तिथे +५०० म्हणजे १५ जीबीपीएस. +१०० च्या पायरीने जा आणि प्रत्येक पायरीला तोच बेंचमार्क (कार्डाला गुण देणारी चाचणी) चालवून गुण वहीत लिहा. गुण वाढायचे थांबले किंवा उतरले की मेमरीची हद्द आली, गेम बंद पडला नसला तरी. पडद्यावर चमकणारे ठिपके किंवा ताणलेले त्रिकोण दिसले तर लगेच मागे या. मेमरीही वॅट खाते. कार्ड विजेला अडलेलं असेल तर मेमरी वाढवल्यावर कोअर खाली जाऊ शकतो.

कर्व्हकरी
वर चाचणीचं राहिलं. थ्रीडीमार्क या बेंचमार्कमधल्या टाइम स्पायची स्ट्रेस टेस्ट २० फेऱ्यांची असते, ९७ टक्के स्थिरता लागते. पण तेवढ्यावर विसंबू नका. ग्राफिक्स सेटिंगमधलं रे ट्रेसिंग आणि डीएलएसएस चालू ठेवून सायबरपंक २०७७ सारखा गेम तासभर चालवा, कच्चा कर्व्ह तिथे उघडा पडतो. पडदा क्षणभर काळा होऊन परत आला तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ क्रमांकाची नोंद शोधा. ती असेल तर ड्रायव्हरने दम टाकला होता, आकडा उतरवा. आठवडाभर नीट चालल्याशिवाय 'विंडोज सुरू होताना लागू करा' हे बटण दाबू नका.

पाना-पक्कड
८७ अंशांच्या आसपास बरीच कार्डं स्वतःच वेग कमी करतात, तेव्हा आधी सफाई. मागचं झाकण काढलं की पहिल्यांदा बॅटरीचा कनेक्टर सोडवा. पंख्याच्या आत, तांब्याच्या जाळीला टेकून, लोकरीसारखा करडा थर बसलेला असतो. झाकण न काढता बाहेरून हवा मारली तर तो आतच दाबला जातो. पंख्याचं पातं काडीने धरून ठेवा आणि जाळीच्या बाजूने हवा मारा. पातं मोकळं फिरू दिलं तर बेअरिंग खराब होतं.

चिप आणि कूलरमधली थर्मल पेस्ट बदलायची तर पीटीएम७९५० हा पॅड घ्या. ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन ते नीट बसतं आणि साध्या पातळ पेस्टसारखं कडेला सरकत नाही. लिक्विड मेटल नको: त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम खातं, आणि एक थेंब बोर्डावर सांडला तर शॉर्ट. मेमरीवरच्या थर्मल पॅडची जाडी अंदाजाने ठरवू नका. जाड पॅडने कूलर चिपवर टेकत नाही, पातळ पॅडने मेमरी उघडी पडते.

वऱ्हाडी
खोली १० अंशांनी तापली की कार्डही जवळपास तेवढंच तापतं. अकोला-नागपूरकडे मे महिन्यात जानेवारीचे आकडे चालत नाहीत. आफ्टरबर्नरमध्ये पाच प्रोफाइल असतात: एक थंडीसाठी, एक उन्हाळ्यासाठी ठेवा. उन्हाळ्याच्या प्रोफाइलला ०.८०० व्होल्ट आणि त्यावर टिकेल तो वेग, बहुधा १७०० च्या आगेमागे. लॅपटॉपची मागची बाजू दीड-दोन सेंटिमीटर उचला, खालच्या जाळीला हवा मिळते. प्रोसेसर आणि कार्ड एकाच हीटपाइपवर (उष्णता वाहून नेणाऱ्या नळीवर) असतील तर विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के करा. टर्बो (प्रोसेसरचा आपोआप वाढणारा वेग) बंद होतो, आणि प्रोसेसरची उष्णता कार्डाच्या वाट्याला कमी येते.

वॅटमीटर
एक राहिलंच. जास्त वॅटची व्हीबायॉस, म्हणजे कार्डाच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर, फ्लॅश करू नका (त्यावर दुसरं चढवू नका). बोर्डावरचे पॉवर फेज (कार्डाला वीज पुरवणारे भाग) आणि हीटपाइप मूळ वॅटच्या हिशेबाने बसवलेले असतात, वॉरंटीही जाते. लॅपटॉपला मक्स स्विच (पडदा कोणत्या ग्राफिक्सला जोडायचा ते ठरवणारा) असेल तर आधी तो थेट ग्राफिक्स कार्डावर टाकून फ्रेम मोजा, आणि मगच कर्व्ह उघडा.