मदत हवी आहे : पाताळेश्वरचा फोटो काढतानाच बिघडतो की एडिट करताना?

नमस्कार मंडळी,

लेक नोकरीला बंगळूरला गेली आणि तिचा जुना कॅमेरा माझ्याकडे आला, सोबतची १८-५५ मिमीची झूम लेन्स धरून. दोन महिने झाले, दर रविवारी सकाळी पर्वती, मंडई, नदीकाठ चालू आहे. घरी आल्यावर मोबाइलवर स्नॅपसीड आणि लॅपटॉपवर गिंप घेऊन डागडुजी करतो. तिथेच गाडं अडतंय.

मागच्या रविवारी पुण्यातल्या पाताळेश्वर लेण्यात गेलो. लेण्याच्या आत उभं राहून, दोन खांबांमधून समोरचा गोल नंदीमंडप घ्यायचा होता. पहिल्या फोटोत मंडप पांढराफटक. एक्स्पोजर उतरवलं तर मंडप झकास, खांब काळेकुट्ट. म्हटलं घरी बघू. घरी शॅडोजचा स्लायडर ओढला, तर दगडावर रांगोळी सांडल्यासारखे रंगीत ठिपके. ते घालवायला नॉइज कमी केला, तर बेसॉल्टचा सगळा खडबडीतपणा गेला आणि खांब गुळगुळीत! सौ. म्हणाल्या, "लेणं आहे की बिल्डरचा सॅम्पल फ्लॅट?" (फोटो मी जेपेगमध्येच काढतो. रॉची, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल गिंपने उघडलीच नाही, म्हणून नाद सोडला.)

दुसरं दुखणं कंपोझिशनचं. स्क्रीनवर तीन भागांच्या रेघा चालू केल्यापासून मंडईतल्या मावशी डावीकडच्या छेदावर, त्यांची लिंबांची टोपलीही तिथेच. चाळीस फोटो ओळीने पाहिले तर एका साच्यातले गणपती. यावर काही ठरावीक सराव असतो का?

आणि लेन्सवर दुकानदाराने यूव्ही फिल्टर बसवून दिलाय. रात्री लक्ष्मी रोडवर दिव्यांची हिरवट भुतं दिसतात, ती त्याचीच का?

प्रतिसाद १
काका, बिघाड काढतानाच होतोय. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६च पायऱ्या असतात, त्यातल्या अंधाराच्या वाट्याला मोजक्याच येतात, शिवाय फाइल लहान करताना कॅमेरा तिथला तपशील आधी टाकतो. ताणणार काय? १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४ पायऱ्या असतात, १२ बिट असला तरी ४,०९६. गिंप एकट्याने रॉ उघडत नाही, सोबत डार्कटेबल किंवा रॉथेरपी टाका, दोन्ही फुकट आहेत. हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेड-अंधाराचा आलेख, उजवीकडे उजेड) उजव्या भिंतीला जेमतेम टेकेल इतकंच एक्स्पोजर ठेवा, म्हणजे मंडप वाचेल. खांब नंतर थोडेच उचला. लेण्यात अंधार असतो हो, असू द्या की!

भुतं फिल्टरचीच. दिव्याचा उजेड सेन्सरवरून आणि लेन्सच्या काचांवरून उलटा येऊन त्या सपाट काचेवर आपटतो. रात्री फिल्टर काढून ठेवा. तसंही डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सरपुढची काच यूव्ही अडवतेच, त्यामुळे तो फिल्टर धूळ-ओरखड्यांपुरताच.

प्रतिसाद २
रेघा महिनाभर बंद. झूम ३५वर आणून चिकटपट्टी लावा, आता पुढे-मागे व्हायचं ते पायांनी. मंडईतली एकच टोपली घ्या आणि वीस फोटो काढा : उकिडवं बसून, वरून, उजेडाकडे तोंड करून, अर्धी टोपली कापून. पहिले सात-आठ फोटो तुमचे नेहमीचेच येतील. कंटाळा आला की पुढचे बघण्यासारखे येतात (माझे तरी येतात). घरी फक्त क्रॉप आणि कृष्णधवल, बाकी स्लायडरला हात नाही. रंग गेला की उजेड कुठे पडलाय ते कळतं. आणि आधी मावशींकडून पाव किलो लिंबं विकत घ्या, नाहीतर चौथ्या फोटोला हाकलतील.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. डार्कटेबल उतरवून घेतलं, उघडल्यावर विमानाच्या कॉकपिटमध्ये बसल्यासारखं वाटलं. त्यातलं आधी काय शिकू? चिकटपट्टीबद्दल लेकीला फोनवर सांगितलं तर ती ओरडली, "बाबा, लेन्सला गोंद लागेल!" कागदी टेप चालेल ना?