मदत हवी आहे: उकड्या तांदळाचा भात मऊ कसा करायचा?
नमस्कार मंडळी, आम्ही मालवणकडचे. बाबांची शुगर वाढली म्हणून पॉलिशचा पांढरा तांदूळ बंद करून लाल उकडा आणला, पेज झकास होते पण दुपारच्या भाताला दाणा टचटचीतच राहतो, २ तास भिजवून कुकरच्या ५ शिट्ट्या दिल्या तरी, आणि बाबा ताट सरकवून म्हणतात बांगड्याच्या कढीची मजाच घालवलीस. पाणी किती घालता तुम्ही?
दुसरं, चहाबरोबरची खारी नि मैद्याची बिस्किटं सोडवायचीयेत (चोरून खातात, डब्यात चुरा सापडतो). नाचणीत १०० ग्रॅमला ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं म्हणून भाकरी सुरू केली, पण थापतानाच कडा चिरतात. उकड काढून करू का? आणि गूळ सुचवू नका प्लीज, शुगर त्यानेही वाढतेच.