आधी वाचा, मग विचारा: ओपन सोर्समधल्या नवख्यांकडून एवढी अपेक्षा चूक आहे का?

रात्रपाळी (धागाकर्ता)

२०२४च्या सुरुवातीला एक्सप्रेस या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कच्या गिटहब रेपोवर (कोड ठेवलेल्या जागेवर) पुल रिक्वेस्टांचा, म्हणजे 'माझा बदल सामावून घ्या' अशा विनंत्यांचा, पूर आला. कोडचा पत्ता नाही, प्रकल्पाची ओळख देणाऱ्या रीडमी फाइलमध्ये स्वतःचं नाव घातलेलं, बस्स. गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) शिकवणाऱ्या एका लोकप्रिय भारतीय व्हिडिओत उदाहरण म्हणून हाच रेपो दाखवला होता आणि बघणाऱ्यांनी ते उदाहरण जसंच्या तसं गिरवलं. अशा प्रत्येक रिक्वेस्टची सूचना रेपोवर लक्ष ठेवून असलेल्या प्रत्येकाला जाते, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

त्याआधी २०२०चा हॅक्टोबरफेस्ट आठवा, ओपन सोर्सला हातभार लावायला सांगणारा डिजिटलओशन कंपनीचा ऑक्टोबरातला उपक्रम. चार पुल रिक्वेस्टा केल्या की टी-शर्ट. लोकांनी अनोळखी प्रकल्पांच्या रीडमीत 'अमेझिंग प्रोजेक्ट' एवढे दोन शब्द चिकटवले आणि टी-शर्टची वाट बघत बसले. ऑक्टोबर धड सुरूही झाला नव्हता, तोवर डिजिटलओशनला नियम बदलावा लागला: ज्या प्रकल्पांनी स्वतःहून होकार दिलाय, तिथल्याच रिक्वेस्टा धरणार.

माझी अपेक्षा फार नाही. दस्तऐवज वाचा. जुने इश्यू (नोंदवलेल्या तक्रारी) शोधा, बंद झालेलेही. चूक दाखवणारा कोड छाटत छाटत दहा-वीस ओळींवर आणा. निम्म्या वेळा उत्तर तिथेच सापडतं. आवृत्ती सांगा, एररचा मजकूर पूर्ण द्या, मोबाइलने काढलेला स्क्रीनचा तिरपा फोटो नको. आणि 'सर, प्लीज असाइन मी' (हे काम मला द्या) लिहून आठवडाभर गायब होऊ नका, कारण तेवढे दिवस त्या कामाला दुसरं कुणी हात लावत नाही.

ओपन सोर्समध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या एमआयटी परवान्यात कॅपिटल अक्षरांत लिहिलेलं असतं की सॉफ्टवेअर जसं आहे तसं दिलंय, कसलीही हमी नाही. त्याच्याबरोबर शिकवणी मिळेल असंही कुठे म्हटलेलं नाही.

अकोल्याचं ऊन

दाखले बरोबर, आरोपी चुकीचा.

त्या पोरांनी रीडमीत नाव घातलं कारण त्यांना तेच शिकवलं गेलं. प्लेसमेंटवाले रेझ्युमेवर ओपन सोर्स मागतात, क्लासवाले त्याचं पॅकेज विकतात, आणि शिव्या खायला सेकंड इयरचा मुलगा पुढे.

दुसरं, हे 'आधी वाचा' प्रकरण. २००१ साली एरिक रेमंड आणि रिक मोएन यांनी प्रश्न कसे विचारावेत यावर एक लांबलचक मार्गदर्शिका लिहिली. त्यातला बराचसा सल्ला चांगला आहे, नाही म्हणत नाही. पण कुणी 'मॅन्युअल वाच' म्हणून झिडकारलं, तर झिडकारणाऱ्याचंच बरोबर असणार असं समजा, हेही त्यातच आहे. या वाक्यावर दोन पिढ्यांनी आपला खडूसपणा पोसला. शेवटी खुद्द लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने १६ सप्टेंबर २०१८ला कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) मेलिंग लिस्टवर आपल्या वागण्याबद्दल माफी मागितली आणि काही आठवडे सुट्टी घेतली. त्याच सुमारास कर्नलने नवी आचारसंहिताही स्वीकारली. लिनक्स १९९१चं, म्हणजे ज्येष्ठांना शिष्टाचार शिकायला २७ वर्षं लागली, नवख्याने मात्र पहिल्या दिवशी शिकून यावं!

आणि दस्तऐवज म्हणता ते कोणते? ज्याला आधीच सगळं कळतं त्यानेच त्याच्यासारख्यांसाठी इंग्रजीत लिहिलेले. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला ते वाचायला तिप्पट वेळ लागतो. त्याने वाचलं नाही असं तुम्ही कशावरून ठरवता? वाचून कळलं नसेल.

सौ. सेगफॉल्ट

@अकोल्याचं ऊन, माफीबद्दल सहमत. पण नोकरी सांभाळून एक छोटी लायब्ररी चालवणाऱ्या बाईचं म्हणणंही ऐका. उर्मट प्रश्नाचा मला त्रास होत नाही, तगाद्याचा होतो. 'अजून का झालं नाही?', 'हा प्रकल्प मेलाय का?'

हा तगादा हत्यार म्हणून वापरला गेलाय. एक्सझेड ही फाइल दाबायची लायब्ररी लिनक्सच्या बहुतेक वितरणांत असते आणि ती प्रामुख्याने एकच माणूस (मेन्टेनर) सांभाळत होता. २०२२ मध्ये तिच्या मेलिंग लिस्टवर काही खाती उगवली. पॅच (पाठवलेला बदल) कधी घेणार, तुम्हाला रस उरला नसेल तर दुसऱ्याला द्या, असा धोशा. त्यातल्या एकाने नाव घेतलं होतं भारतीय वळणाचं. तो बिचारा मेन्टेनर सांगत होता की हे बिनपगारी काम आहे, माझी मानसिक तब्येत बरी नाही. शेवटी 'जिया टॅन' नावाच्या मदतनीसाकडे अधिकार गेले आणि २०२४च्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसला. मायक्रोसॉफ्टमधले अभियंते आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच (दुरून दुसऱ्या संगणकात शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागताना दिसला, म्हणून निभावलं.

ती खाती खोटी असावीत असं तेव्हा कुणालाच का वाटलं नाही? कारण खरे लोकही अगदी तसंच बोलतात.

तिरकस

वा! पण सेगफॉल्टबाई, तुमचीच गोष्ट उलटी करून बघा की. त्या सगळ्या प्रकरणात आदर्श नवखा कोण होता? जिया टॅन! विनम्र, स्वावलंबी, चिकाटीचा, दोन वर्षं न कुरकुरता पॅच देणारा. धागाकर्त्याच्या यादीतल्या सगळ्या अपेक्षा पूर्ण. शिष्टाचारावरून माणूस जोखायचा तर प्रमाणपत्र त्यालाच मिळालं असतं.

रात्रपाळी

@तिरकस, शिष्टाचार म्हणजे चारित्र्याचा दाखला, असं मी कुठे म्हटलं? रांगेत उभा राहणारा माणूस सज्जनच असतो असं नाही. म्हणून रांग मोडायची का?

@अकोल्याचं ऊन, वाचून कळलं नाही तर तसं लिहावं. 'अमुक पान वाचलं, तिसऱ्या पायरीपर्यंत आलो, पुढे असं झालं.' यात इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं. माझा राग न कळण्यावर नाही, काय करून पाहिलं ते न सांगण्यावर आहे.

खटपट्या

कर्नलमध्ये पॅच पाठवणाऱ्यांसाठी जे नियम आहेत ते बाहेरून सोवळं-ओवळं वाटतात. मेल साध्या मजकुरातच हवा, पॅच जोडपत्रात नको, उत्तर मूळ मजकुराच्या खाली लिहा. पण पॅच मेलमधून थेट गिटमध्ये ओढले जातात आणि प्रत्येक ओळीखाली शेरे लिहिले जातात. एचटीएमएल मेल तर लिस्टचा सर्व्हर परतच पाठवतो. पॅच कुणाला पाठवायचा हे सांगणारी स्क्रिप्ट आहे, शैली तपासणारी आहे. आठवण करण्याआधी किमान आठवडाभर थांबा, हेही लिहून ठेवलंय. नियमामागचं कारण कळलं की ते जाचक वाटत नाहीत. कारण न सांगता नियम तोंडावर फेकणारे मात्र आहेत, हे खरं.

दऱ्याखोऱ्यांतली

मराठीपुरतं एक सांगते, कारण इथे दोन्ही बाजू एकाच इश्यूत दिसल्या.

'दऱ्या' आणि 'दर्या' यांतला फरक आपल्याला डोळे मिटून कळतो. एका प्रोग्रॅममध्ये 'दऱ्या' लिहिलं की 'दर्या' दिसायचं. आधी कुणीतरी इश्यू टाकला होता: 'मराठी नीट दिसत नाही, लवकर दुरुस्त करा.' मेन्टेनर युरोपातला. त्याने उघडून पाहिलं, त्याला देवनागरी दिसली, त्याने लिहिलं 'मला ठीक दिसतंय' आणि इश्यू बंद. दोघांचाही राग आला.

मी पुन्हा टाकला. कोणता फॉन्ट, कोणती आवृत्ती, नेमकी कोणती युनिकोड अक्षरं टाइप केली. तो अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्तावाला ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (झीरो-विड्थ जॉइनर हे जोडचिन्ह). दुसऱ्या प्रकारात प्रोग्रॅम तो न दिसणारा झेडडब्ल्यूजे गाळून टाकत होता. काय दिसायला हवं आणि काय दिसतंय याची चित्रं शेजारी शेजारी. एका चित्राचा अर्थ खोल जागा, दुसऱ्याचा समुद्र. दुरुस्ती झाली.

पण @रात्रपाळी, मला युनिकोड येत होतं म्हणून जमलं. आधीच्या माणसाला येत नव्हतं, आणि बिघाड मात्र त्यालाच आधी दिसला होता. 'नेमकं काय टाइप केलं?' एवढा एक प्रश्न मेन्टेनरने विचारला असता तर?

रात्रपाळी

विचारायला हवा होता. मात्र मेन्टेनरकडे असे किती इश्यू उघडे असतात तेही बघा. त्यात आता चॅटबॉटकडून लिहून घेतलेले रिपोर्ट. कर्ल या डेटा आणायच्या-पाठवायच्या साधनाचे डॅनियल स्टेनबर्ग २०२४पासून जाहीरपणे तक्रार करताहेत: सुरक्षेतली त्रुटी सापडली म्हणून व्यवस्थित, सभ्य भाषेत रिपोर्ट येतो, तपासायला वेळ जातो, आणि दाखवलेली त्रुटी कोडमध्ये नसतेच. मोडक्या इंग्रजीतला खरा प्रश्न मला याहून हजारदा परवडतो.

सेकंड_इयर

इतका वेळ नुसता वाचत होतो. आमच्याकडे मर्ज झालेल्या (स्वीकारल्या गेलेल्या) पुल रिक्वेस्टचा स्क्रीनशॉट जमा केला की मार्क मिळतात. शेवटची तारीख शुक्रवार. पाच दिवसांत कुठला प्रकल्प कळणार? वर्गातले सगळे टायपो शोधताहेत. तुम्ही सगळे आम्हाला सांगताय, आमच्या सरांना कोण सांगणार?

अकोल्याचं ऊन

@रात्रपाळी, घ्या. द्या उत्तर.

रात्रपाळी

@सेकंड_इयर, सरांना हा धागा पाठव. आणि सगळ्या वर्गाने एकाच रेपोवर तुटून पडू नका. तू स्वतः रोज जे वापरतोस त्यातलं काहीतरी निवड, त्याच्या इन्स्टॉलेशनच्या पायऱ्या कोऱ्या मशीनवर शब्दशः करून बघ. एखादी पायरी हमखास जुनी झालेली असते. ती दुरुस्त करून पाठव, काय करून पाहिलंस ते चार ओळींत लिही. शुक्रवारपर्यंत मर्ज होईल असं मात्र कुणीही सांगू शकत नाही, आणि त्यासाठी मेन्टेनरला मेसेज करू नकोस.

सेकंड_इयर

मग मार्क जाणार.

सौ. सेगफॉल्ट

माझ्या लायब्ररीच्या विंडोजवरच्या पायऱ्या जुन्या झाल्यात, मला माहीत आहे. व्यनि (खाजगी निरोप) कर, लिंक देते. शुक्रवारचं वचन नाही.