अनुभव धागा : तो पक्षी तुम्हाला कोणी दाखवला?

वळचण

गेल्या रविवारी राष्ट्रीय उद्यानातून बाहेर पडून बोरिवलीला मिसळ खाताना विषय निघाला, तो पाव संपले तरी संपेना. म्हणून हा धागा.

नऊ वर्षं झाली मी आपल्या पक्षीनिरीक्षण गटाच्या फेऱ्यांना येतेय. वहीत दोनशेच्या वर नावं आहेत. परवा सहज चाळली तर लक्षात आलं, की आधी कुणी बोट न दाखवता मी स्वतः शोधलेले पक्षी जेमतेम दहा-बारा, तेही कावळा-कबूतर धरून. बाकी सगळे कुणीतरी दाखवलेले. पक्ष्याचं नाव आणि तारीख आपण लिहितो, दाखवणाऱ्याचं नाव कुणीच लिहीत नाही.

तेवढंच लिहायचंय इथे. फोटो नसला तरी चालेल. घरट्याची नेमकी जागा मात्र लिहू नका, कारण माहीत आहे सगळ्यांना.

माझ्यापासून सुरुवात. गोरेगावला फिल्म सिटीला लागून बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं) केंद्र आहे, तिथली माझी दुसरीच फेरी. पायवाटेपासून चार हातांवर रातवा बसलाय म्हणाले. अकरा माणसं एका रांगेत वाकून उभी. "ते वाळकं पान दिसतंय? त्याच्या डावीकडे." तिथे सगळीच वाळकी पानं होती! एकेकाला दिसत गेला, "हां हां" करत माणसं बाजूला होत गेली, शेवटी मी एकटी उरले. खोटं बोलणार होते. अगदी ओठावर आलं होतं, "दिसला". तेवढ्यात शेजारच्या काकू, ज्या फेरीभर गुडघे धरून चालत होत्या, माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "पक्षी नको शोधूस. मिटलेला डोळा शोध. बारीक काळी रेघ." आणि पाचोळ्यातलं एक पान एकदम पक्षी झालं. त्यानंतर डोळा हलवायचीही भीती वाटली, पुन्हा पान झालं तर?

काकू आता येत नाहीत. गुडघे.

दादर स्लो

माझा अगदीच साधा आहे, तांबट. पण ऐकाच.

चाळीस वर्षं मी दुपारी "टुक्‌ टुक्‌ टुक्‌" ऐकत आलो. आमच्या मागच्या गल्लीत भांड्यांना ठोके देणारा कुणी बसतो अशी माझी ठाम समजूत होती. बायकोची समजूत, सोसायटीचा पंप. यावरून आमची भांडणंही झालीत.

मित्राने ओढून महाराष्ट्र निसर्ग उद्यानात नेलं, धारावीच्या कडेला, मिठीकाठी. सासरे शीवचे. तिथे जातोय म्हटल्यावर त्यांनी नाकाला रुमाल लावून दाखवला, कारण त्यांच्या आठवणीत तिथे कचऱ्याचे डोंगर होते. त्याच 37 एकरांवर आज एवढी झाडी आहे, की आत गेल्यावर मागचा रस्ता फक्त हॉर्नमुळे कळतो.

आत शिरलो आणि सुरू झालं, टुक्‌ टुक्‌. मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो, "इथे पण पंप आहे वाटतं." सगळे थांबले. कॉलेजातली एक मुलगी (हसली नाही, हे तिचे उपकार) मला झाडाच्या शेंड्याकडे बघायला सांगू लागली. पंचाईत अशी, की तो मान इकडेतिकडे वळवत ओरडतो, त्यामुळे आवाज दर वेळी नव्या ठिकाणाहून येतोय असं वाटतं. दहा मिनिटांनी सापडला. चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवा, कपाळावर लाल टिळा, पिवळा गळा. आणि प्रत्येक "टुक्‌"ला गळा फुगतोय. नाव तांबट का, ते सांगायची गरजच उरली नाही.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तूही चूकच होतास ना?"

सातभाई

@दादर स्लो, आमच्याकडे तो पंपच आहे. खात्री केलीय. 😄

खाडीपल्याड

माझा अनुभव फ्लेमिंगोंचा, पण दाखवणारी बाई आपल्या गटातली नव्हे.

शिवडीला गेलो होतो, अटल सेतू व्हायच्या आधीची गोष्ट. पंचवीस-तीस माणसं, निम्मी पहिल्यांदाच आलेली, त्यात मी आणि माझी दोन पोरं. पोहोचलो तर ओहोटी. चिखल पार क्षितिजापर्यंत आणि त्याच्या टोकाला एक गुलाबी रेघ. दुर्बिणीतून ती जाड गुलाबी रेघ दिसत होती, एवढाच फरक. धाकटा म्हणाला, "बाबा, टीव्हीवर जास्त चांगले दिसतात."

धक्क्यापाशी एक म्हातारी कोळीण सुकट निवडत बसली होती. आमची तोंडं बघून विचारलं, "तिथी कंची आज?" कुणालाच ठाऊक नाही. तिला ठाऊक होती, ती आमची परीक्षा घेत होती. मग तिने जे सांगितलं ते मी आजही वापरतो. पंधरवडा कुठलाही असो, तिथीची पाऊणपट करायची. येतील तेवढे तास बारापासून पुढे मोजायचे, ती पुऱ्या भरतीची वेळ. दशमी म्हणजे साडेसात. द्वितीया म्हणजे दीड. थोडं मागेपुढे होतं, पण मुंबईच्या बंदराला हे बसतं. पुरी भरती असताना जाऊ नका, चिखल बुडालेला असतो आणि पक्षी दुसरीकडे. तिच्या आधी दोन-अडीच तास जा. "पानी वर सरकलं की ते पन सरकतात, तुमच्या पायाशी येतील," असं म्हणाली. आणि अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाण्याला जोर नसतो, तेव्हा लांबूनच बघा. पुनवेच्या-अवसेच्या उधाणाला या.

पुढच्या द्वितीयेला आम्ही चौघेच गेलो, अकरा वाजता, डोक्यावर टॉवेल घेऊन. पाणी चढत गेलं तसे ते खरंच सरकत आले, शेकड्यांनी. एका टप्प्यावर दुर्बीण खाली ठेवली. चोच उलटी करून पाणी गाळताना त्यांच्या गळ्यातून येणारा बारीक गुरगुराट ऐकू येत होता. बहुतेक लहान रोहित (म्हणजे लेसर फ्लेमिंगो), चोच काळपट लाल. मधूनच एखादा उंच, फिकट, चोचीला फक्त टोकाशी काळं, तो मोठा रोहित. काही मळके करडे होते. धाकट्याला वाटलं ते आजारी आहेत, पण ती पिल्लं होती. गुलाबी रंग जन्माने मिळत नाही, शेवाळ आणि बारीक जीव खाऊन खाऊन चढतो. हे कळल्यावर त्याने पुढचा आठवडाभर बीट खाल्लं.

म्हातारीसाठी मोसंबी नेली होती. ती त्या दिवशी नव्हती. तिच्या सुनेकडे दिली.

भांडुपचा बोका

सुंदर लिहिलंय. नवख्यांसाठी एवढंच जोडतो, की आता शिवडीवरच अडून राहू नका. ऐरोली, भांडुप, नेरुळ, खाडीत बऱ्याच ठिकाणी दिसतात. ठाणे खाडीला 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, नाव आलं. तरी पाणथळ जागांवरचे डोळे काही कमी झालेले नाहीत, पण तो वेगळा धागा होईल, इथे नको.

माझं योगदान: भांडुपला उदंचन केंद्राच्या (पंपिंग स्टेशनच्या) रस्त्यावर मी एकदा सगळ्यांना थांबवून, श्वास रोखायला लावून, तिवराच्या शेंड्यावरचा शुभ्र बगळा दाखवला होता. वारा आला आणि बगळा फुगला. दुधाची पिशवी होती. गटात अजून "पिशवी बगळा" ही स्वतंत्र जात धरतात.

लेकुरवाळी

आरे, संध्याकाळची फेरी. लेक तेव्हा सहा वर्षांची. मोठी माणसं दुर्बिणी लावून उंच उडणाऱ्या घारीवर वाद घालत होती. ही माझा ओढणीचा शेव ओढतेय, मी "थांब गं" म्हणतेय. तिसऱ्यांदा ओढल्यावर खाली वाकले.

"आई, त्या झाडाला डोळे आहेत."

पिंगळ्याची जोडी. ढोलीतून आमच्याकडेच बघत होती, बहुधा बराच वेळ.

अ-पक्षी

नाव 'रोहित' लिहायचं की 'फ्लेमिंगो' हे एकदा ठरवून टाका. माझ्या भाच्याचं नाव रोहित आहे, घरच्या ग्रुपवर "शिवडीला तीनशे रोहित दिसले" टाकलं तर गोंधळ झाला.

वळचण

अग्निपंख लिहा मग. पण विषयावर या!

तळमजला

आमच्याकडे दाखवणारे आमच्या इमारतीचे वॉचमनकाका. जूनचा दुसरा आठवडा, रात्रभर पाऊस. सकाळी सहाला बेल. "मॅडम, खेळण्यातला पक्षी पडलाय, पण श्वास घेतोय."

तिबोटी खंड्या. तळहातावर मावेल एवढा, पोट पिवळं, पाठ जांभळी-निळी, चोच पोवळ्यासारखी. काचेवर आपटला होता. पावसाच्या तोंडावर हे पक्षी कोकणात येतात, प्रवास रात्रीचा, आणि आपल्या इमारतींच्या काचा उजळलेल्या. नवरंगाचंही तेच होतं. फेरीत हे ऐकलं होतं म्हणून हात-पाय गाळले नाहीत. बुटांच्या खोक्याला भोकं पाडली, खाली सुती फडकं, झाकण लावलं, अंधारात ठेवलं. पाणी पाजलं नाही, हे मुद्दाम लिहितेय, कारण सगळी इमारत चमचा घेऊन आली होती. गटात फोन केला. तिकडून एकच सूचना, "उघडून बघू नका." अडीच तास काकांनी स्टूल टाकून खोक्याचा पहारा केला. आतून खडखड ऐकू आली तेव्हा मागच्या बागेत नेऊन झाकण काढलं. क्षणभर बसला, मग निळी रेघ मारून गेला.

जुलैत गटाबरोबर कर्नाळ्याला गेले. ओढ्याकाठी चिंब भिजत उभ्याने तासभर वाट पाहिल्यावर एक दिसला, चोचीत पाल धरलेला, जेमतेम पाच सेकंद. सगळे हरखले. मी पण. पण खरं सांगू का, मला काकांचा खंड्याच जास्त ओळखीचा वाटतो. काकांना पुढच्या फेरीला या म्हटलं, तर म्हणाले, "रविवारी डबल ड्युटी असते."

दुर्बीण नाही

एक तक्रार लिहू का? मागे एका फेरीत, कुठली ते सोडा, पाहुणे म्हणून आलेले एक गृहस्थ फोनवर पक्ष्याची हाक वाजवत होते. विणीचे दिवस. पक्षी वेडापिसा होऊन फांद्याफांद्यांवर येत होता, यांचे फोटो उत्तम येत होते. मला तो पक्षी त्यांच्यामुळेच पहिल्यांदा दिसला. वहीत लिहिला नाही.

सातभाई

बरं केलंस. तुझ्या जागी मी काय केलं असतं, सांगता येत नाही. मोह वाईट असतो.

कानसेन

धाग्याचा प्रश्न मला उलटा लागू आहे, तरी लिहितो. मला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. आधी रात्रीची नजर गेली, मग कडेकडेची. आता समोर नळीतून पाहावं तेवढंच दिसतं. "अकरा वाजता (म्हणजे घड्याळातल्या अकराच्या दिशेला), दुसऱ्या फांदीच्या बेचक्यात" असं कुणी म्हटलं, की तिथे पोहोचेपर्यंत पक्षी ठाण्याला गेलेला असतो. दोन-तीन फेऱ्यांनंतर मी येणं बंद करणार होतो. गटातल्या एका बाईंनी (इथे आहेत, नाव घेतलेलं आवडणार नाही) मला रांगेत मागे न ठेवता सगळ्यात पुढे उभं केलं आणि बाकीच्यांना म्हणाल्या, "पाच मिनिटं गप्प बसा. हे सांगतील."

तेव्हा मला जेमतेम आठ-दहा आवाज येत होते. पण त्या दिवसानंतर घरचा अभ्यास सुरू केला. आज शंभरेक येतात. पावशा "पेरते व्हा" म्हणतो ते कुणालाही कळतं. शिंपी, वटवट्या, सुभग वेगळे काढायला मला दोन वर्षं लागली.

कान्हेरीच्या वाटेवरचा किस्सा. वरून सर्पगरुडाची शीळ आली. सगळ्यांच्या माना वर, वहीत नोंद झालीसुद्धा. मला काहीतरी खटकलं. गरुडाची हाक आभाळातून येते, ही झाडातून येत होती. आणि संपता संपता शेपटाला एक धातूचा खणखणाट. म्हटलं, खोडा ते नाव, पल्लेदार कोतवाल आहे, नकला करतोय. कुणी मानेना. तेवढ्यात पठ्ठ्याने त्याच जागेवरून शिक्र्याची हाक दिली, मग मांजरासारखं काहीतरी. शेपटीच्या दोन लांब तारा आणि टोकाचे पल्ले इतरांनी पाहिले, मी नाही. गरुड खोडला गेला.

माझ्या यादीत, तसं म्हटलं तर, सगळ्यात आवडता शीळकरी कस्तूर. पावसाळ्यात कान्हेरीच्या ओढ्यापाशी पहाटे ऐकावा. कुणी रिकामटेकडा पोरगा सूर लागत नसतानाही शीळ घालत चाललाय, असं वाटतं. तो निळा असतो म्हणतात.

वळचण

कानसेनकाका, निळा आहे. काळाच दिसतो, पण ऊन पडलं की खांद्यावर निळा चमकतो.

कानसेन

बरं. लिहून ठेवतो.

दादर स्लो

पुढची फेरी कधी आणि कुठे? बायकोला आणतोय. पंपाचा निकाल लावायचाय.

वळचण

येत्या रविवारी, ऐरोली. तृतीया आहे. वेळ मी सांगणार नाही, पाऊणपट करा.

दादर स्लो

सव्वादोन. म्हणजे पावणेबाराला पोहोचायचं? भर उन्हात?

खाडीपल्याड

टॉवेल आणा.