मदत हवी आहे: रात्रीच्या सराफ्यात 28 मिमी लेन्स, फिल्मवर चेहरे पुसट येताहेत

मंडळी, नमस्कार. मी इंदूरला रामबागेत राहतो. बाबांचा निकॉन एफएम2 हा फिल्म कॅमेरा आणि 28 मिमी एफ/2.8 रुंद लेन्स (एफचा आकडा लहान तेवढं लेन्सचं छिद्र मोठं: उजेड जास्त, पण स्पष्ट पट्टा अरुंद) वर्षभर वापरतोय. फिल्म एचपी5 प्लस, काळी-पांढरी, 400 वेगाची (हा आकडा मोठा तेवढा कमी उजेड पुरतो).

दिवसा राजवाड्यासमोर, खजुरी बाजारात काही अडचण नाही. एफ/8, फोकसची रिंग सव्वातीन मीटरवर, की साधारण 1.6 मीटरपासून पुढचं सगळं स्पष्ट. रिंगला हातही लावावा लागत नाही.

घोडं अडतंय ते रात्री सराफ्यात, म्हणजे सराफ बाजारात. सोन्या-चांदीच्या पेढ्या बंद होऊन खाण्याचे ठेले लागले की फिल्म 1600 धरून काढतो, म्हणजे दोन स्टॉप पुश (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा; पुश म्हणजे कमी उजेडात काढून फिल्म जास्त वेळ डेव्हलप करणं). तरी 1/60 सेकंदाला एफ/2.8 वरच यावं लागतं. रिंग 2 मीटरवर ठेवली तर जेमतेम 1.65 ते 2.5 मीटर एवढाच पट्टा स्पष्ट, आणि त्या गर्दीत माणूस असतो हातभर अंतरावर. परवा रोल धुऊन आला. भुट्ट्याचा कीस परतणाऱ्या काकांचा फोटो: मागच्या पेढीच्या शटरचं कुलूप इतकं लख्ख की किल्लीचं भोक दिसतंय, आणि ज्या चेहऱ्यासाठी मी तीन रात्री तिथे उभा राहिलो तोच पुसट. फार वाईट वाटलं. 36 पैकी निम्म्याहून जास्त असेच गेले. शिवाय कडेला उभ्या असलेल्या माझ्या आत्याचं डोकं चमत्कारिक लांबलंय.

फ्लॅश नको. माणसं खायला आलेली असतात, तोंडात घास असताना डोळ्यांवर उजेड मारणं मला पटत नाही. मग 3200 वर जाऊ का? गराडू (तळलेला कंद) थंडीतच मिळतो, त्यामुळे थंडी संपायच्या आत जमवायचंय.

प्रतिसाद:
3200 वर जाऊ नका. अंधारातलं जे फिल्मवर उमटलंच नाही, ते जास्त वेळ डेव्हलप करून येत नाही. उजळ भाग तेवढे आणखी चढतात.

1/30 ला एफ/4 करा, उजेड तेवढाच मिळतो. रिंग 1.2 मीटरवर ठेवून विसरा, मग साधारण 1 ते 1.45 मीटर स्पष्ट येईल. अंतर रिंगने नाही, पायांनी जुळवायचं. घरी भिंतीपासून 1.2 मीटरवर फरशीवर खडूने रेघ मारा आणि आठवडाभर येता-जाता तिथे उभे राहा, अंदाज अंगात भिनतो. काकांचा झारा 1/30 ला हललेला येईल, येऊ द्या. चव बघायला ते क्षणभर थांबतात तेव्हा दाबा.

ठेल्यावरचा बल्ब चौकटीत असला की कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर फसतो आणि चेहरा काळा पडतो. त्याच बल्बखाली आपला तळहात धरून मोजा आणि एक स्टॉप जास्त द्या.

आत्यांचं डोकं लांबलं त्यात लेन्स बिघडलेली नाही. इतक्या रुंद लेन्समध्ये कडेची वस्तू बाहेरच्या बाजूला ताणली जाणारच. कडेला पाट्या, कढया, शटरं येऊ द्या, आणि आत्यांना मधे घ्या.